ध्वनिवर्धकाची मर्यादा आणि कर्ण्यांचे रक्षण

देवालयातील पुराणवाचन, प्रवचन व कीर्तन सभामंडपाच्या अखेरच्या ओळीपर्यंत आणि उत्सवाच्या दिवशी बाहेरच्या पटांगणापर्यंत स्पष्ट ऐकू जावे, यासाठी ध्वनिवर्धक संच आता लहानमोठ्या बहुतेक देवस्थानांत दिसतो. हा संच विकत घेताना त्याची किंमत, त्याचे वॅट आणि कर्ण्यांची संख्या यांविषयी सभेत पुष्कळ चर्चा होते. परंतु एकदा तो जागेवर येऊन बसला म्हणजे त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार क्वचितच होतो. ज्याचा हात जवळ असेल त्याने बटण फिरवावे, असा प्रघात पडतो. मग ऐन उत्सवाच्या रात्री कीर्तनकारबुवांचे शब्द चिरकू लागतात, एखादा कर्णा मुका होतो, आणि सभासदांच्या वर्गणीतून दुरुस्तीचा खर्च करावा लागतो.

हा खर्च बहुतेक वेळा टाळता येण्याजोगा असतो. कर्णा जळण्याचे कारण यंत्र लहान आहे किंवा मोठे आहे हे नसून, त्याच्याकडून त्याच्या मर्यादेपलीकडचे काम घेतले जाते, हे असते. ही मर्यादा म्हणजे काय, ती ओलांडल्याची खूण कोणती आणि ती न ओलांडताही आवाज सर्वांपर्यंत कसा पोहोचवावा, हे या पाठात क्रमाने पाहू. गणित फार नाही. गुणाकार-भागाकार येणाऱ्या मुलामुलींनाही ते समजेल.

१. संचाची अंगे

संचाची मुख्य अंगे तीन. माइक हा आवाजाचे रूपांतर अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाहात करतो. ॲम्प्लिफायर, ज्यास या लेखात पुढे नुसते ‘यंत्र’ म्हटले आहे, तो त्या क्षीण प्रवाहाची बलवान प्रतिकृती तयार करतो. कर्णा किंवा स्पीकर हा त्या बलवान प्रवाहाचे पुन्हा आवाजात रूपांतर करतो.

कर्ण्याच्या पोटात एक चुंबक असतो. त्या चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक तारेचे वेटोळे लोंबते आणि ते एका पातळ पडद्याला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते, त्याबरोबर पडदा हलतो आणि हवेत ध्वनिलहरी निर्माण होतात. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली अशा रचनेच्या स्पीकरचे शास्त्रशुद्ध वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या शंकूच्या स्पीकरला जी वीज मिळते, तिच्या शंभर भागांपैकी एकदोन भागांचाच आवाज होतो. बाकीच्या जवळजवळ सर्व विजेची त्या बारीक वेटोळ्यात उष्णता होते. भोंग्याच्या आकाराचा कर्णा विजेचा उपयोग याहून चांगला करतो. तथापि त्यातही मोठा वाटा उष्णतेचाच असतो. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

२. लाटेचे माथे छाटले जाणे

देवळाच्या महाद्वाराची कमान दहा फूट उंच आहे अशी कल्पना करा. पालखीबरोबरची आठ फुटांची अब्दागीर तिच्याखालून सहज जाते. अकरा फुटांची जाणार नाही. बळेच पुढे रेटली तर तिचा शेंडा मोडेल. यंत्रालाही अशीच एक कमान असते. त्याच्या आतील वीजपुरवठा ठरावीक दाबाचा असतो आणि त्या दाबापेक्षा उंच लहर त्यातून बाहेर पडूच शकत नाही. आपण व्हॉल्यूमचे बटण फिरवीत राहिलो की लहरीची उंची वाढत जाते, ती कमानीला टेकते, आणि त्यानंतर वाढ होत नाही. लहरीचे गोलाकार माथे मात्र सपाट कापले जातात. यालाच कारागीर ‘क्लिपिंग’ म्हणतात.

माथे कापले गेल्याची पहिली खूण कानालाच कळते. आवाज चिरका, फाटका आणि खरखरीत होतो. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे टोचू लागतात, आणि टाळांचा नाद पत्रा घासल्यासारखा येतो. दुसरी खूण डोळ्यांसाठी आहे. आजच्या बहुतेक यंत्रांवर एक तांबडा दिवा असतो व त्याच्याजवळ ‘क्लिप’ किंवा ‘पीक’ असे लिहिलेले असते. मोठ्या हुंकारावर किंवा पखवाजाच्या जोरदार थापेवर तो क्षणभर चमकला तर भिण्याचे कारण नाही. परंतु तो वारंवार लागू लागला किंवा लागूनच राहिला, तर व्हॉल्यूम ताबडतोब खाली आणावा. तो दिवा शोभेसाठी बसवलेला नाही.

३. कर्णा का जळतो

आता कोणी विचारील की, यंत्र आपल्या मर्यादेपलीकडे देतच नसेल, तर कर्ण्याला इजा का व्हावी? याचे उत्तर सरासरीत आहे.

मनुष्याच्या बोलण्यात आणि गाण्यात चढउतार असतात. शब्दाचा जोर क्षणभर उंच जातो, मग खाली येतो. दोन वाक्यांमध्ये विसावा असतो. म्हणून १०० वॅटचे यंत्र स्वच्छ आवाजात कीर्तन ऐकवीत असता, उंच क्षणी ते पूर्ण शक्ती लावत असले तरी कर्ण्यांना मिळणारी सरासरी शक्ती दहाएक वॅटच असते. वेटोळे क्षणभर तापते आणि लगेच निवते.

बटण पुढे रेटले म्हणजे माथे कापले जातात, पण मधल्या दऱ्या भरून येतात. हळू आवाजही मोठ्याच्या बरोबरीला येतो आणि विसाव्याचे क्षण नाहीसे होतात. सरासरी दहा वॅटवरून तीस, पन्नास, ऐंशी अशी चढत जाते. लहर पूर्णपणे चौकोनी झाली, तर तेच १०० वॅटचे यंत्र जवळजवळ २०० वॅट देऊ शकते. कारण तितक्याच उंचीच्या चौकोनी लहरीची शक्ती गोल लहरीच्या दुप्पट असते. वेटोळ्याला निवण्यास अवकाशच मिळत नाही. प्रथम तारेचा रोध वाढतो. तांब्याचे तापमान १०० अंश सेल्सियसने वाढले की त्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, आणि चालवणारा मनुष्य बटण आणखी पुढे नेतो. मग तारेवरचे वार्निश करपते, सरस वितळतो, वेढे सुटतात आणि तार तुटते. जळालेला कर्णा दुरुस्तीसाठी उघडला जाताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना काळवंडलेले वेटोळे आणि करपल्याचा वास आठवत असेल.

ज्या पेटीत खर्जासाठी मोठा व तार स्वरासाठी लहान असे दोन स्पीकर असतात, तिच्यात धोका अधिक. माथे सपाट झाल्याने मूळ आवाजात नसलेले तार स्वर निर्माण होतात आणि ते सर्व त्या लहान स्पीकरच्या वाट्याला येतात. त्याची सहनशक्ती मुळात थोडी. म्हणून अशा पेटीतील लहान स्पीकरच बहुधा आधी जातो.

‘लहान यंत्राने कर्णा जळतो, म्हणून मोठे यंत्र घ्या’ असा सल्ला पुष्कळदा मिळतो. त्यात अर्धेच सत्य आहे. २० वॅटचे यंत्र कितीही ताणले तरी ४० वॅटच्या आसपासच देईल. १०० वॅट सोसणारा कर्णा त्याने जळणार नाही. उलट मोठे यंत्र आणून तेही तांबड्या दिव्यापर्यंत ताणले, तर कर्णे आधीपेक्षा लवकर जळतील. यंत्र बदलण्यापूर्वी सवय बदलली पाहिजे.

४. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. यंत्राची शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाला असे श्रोत्यास वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. यास्तव १०० वॅटच्या जागी २०० वॅटचे यंत्र आणून मागच्या ओळीची तक्रार मिटणार नाही.

उलट अंतराचा हिशेब पाहा. मोकळ्या जागेत कर्ण्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. अंतर निम्मे केले की तितकाच वाढतो. म्हणजे २० मीटरवरच्या श्रोत्याला १०० वॅटने जेवढे ऐकू येते, तेवढेच १० मीटरवरच्या श्रोत्याला २५ वॅटने ऐकू येते. म्हणून एकाच ठिकाणी चार कर्णे बांधून ते गर्जत ठेवण्यापेक्षा, दोन पुढे व दोन मध्यावर असे वाटून, श्रोत्यांकडे किंचित झुकवून बांधावेत. दगडी भिंतींच्या व फरशीच्या सभामंडपात तर हे अधिकच अगत्याचे आहे. तेथे आवाज वाढवला की प्रतिध्वनीही तितकाच वाढतो आणि शब्द शब्दात मिसळतात. ऐकू येणे आणि समजणे या दोन भिन्न गोष्टी होत.

५. कर्ण्यांची जोडणी

यंत्राच्या मागील बाजूस ४ ओहम, ८ ओहम आणि पुष्कळदा १०० व्होल्ट असे स्क्रू असतात. ८ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले तर एकूण ४ ओहम होतात. चार जोडले तर २ ओहम. ज्या यंत्रावर कमीत कमी ४ ओहम असे लिहिले आहे, त्यास २ ओहमचा भार दिला तर त्यातून प्रमाणाबाहेर प्रवाह ओढला जातो. यंत्र तापते आणि त्यातील ट्रान्झिस्टर जळतात. कर्णे वाढवण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा.

कर्णे दूर बांधावयाचे असतील तर १०० व्होल्टची जोडणी योग्य. १०० वॅट शक्ती ४ ओहमच्या जोडणीतून पाठवण्यास ५ अँपिअर प्रवाह लागतो. १०० व्होल्टच्या जोडणीत तेच काम १ अँपिअरमध्ये होते. लांब वायरमध्ये फुकट जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने, त्याच वायरमधील नुकसान पंचविसाव्या हिश्श्यावर येते. मात्र या जोडणीत प्रत्येक कर्ण्यास त्याचा ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे. ८ ओहमचा उघडा कर्णा १०० व्होल्टवर जोडला, तर तो १,२०० वॅटहून अधिक शक्ती मागेल आणि पूर्ण आवाज देताच निकामी होईल.

एक उदाहरण सोडवू. यंत्र १०० वॅटचे आहे आणि प्रत्येकी ३० वॅट सोसणारे चार कर्णे आहेत. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची तार २० वॅटच्या खुणेवर जोडली तर एकूण भार ८० वॅट होतो. यंत्राला पाचवा हिस्सा मोकळीक राहते आणि प्रत्येक कर्ण्यालाही दहा वॅटची. परंतु यंत्र ताणून लहर चौकोनी केली, तर २० वॅटचा प्रत्येक कर्णा ४० वॅटपर्यंत घेऊ लागेल आणि त्याची मर्यादा तर ३० आहे. जोडणी अचूक असली तरी तांबड्या दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास ती कामी येत नाही, हे यावरून दिसेल.

६. बटणांचा क्रम

यंत्रावर प्रत्येक माइकचे वेगळे बटण आणि सर्वांचे मिळून एक मुख्य बटण असते. आवाज फाटू लागला की बहुतेक जण मुख्य बटण कमी करतात. त्याने आवाज लहान होऊनही फाटकाच राहिला, तर दोष आधीच्या टप्प्यात, म्हणजे माइकच्या बटणात आहे असे समजावे. माथे तेथेच कापले गेले आहेत आणि एकदा कापलेले माथे पुढे कोणतेही बटण सांधू शकत नाही. अशा वेळी माइकचे बटण खाली आणून मुख्य बटण हळूहळू वाढवावे. कार्यक्रमापूर्वी बुवांना त्यांच्या सर्वात मोठ्या आवाजात दोन ओळी म्हणावयास सांगून ही जुळवणी करावी. ‘हॅलो, हॅलो’ असे हळू बोलून केलेली जुळवणी कीर्तन रंगात आल्यावर उपयोगी पडत नाही.

खर्जाचे बटण कर्ण्यांसाठी कमी ठेवावे. भोंग्याच्या आकाराचा कर्णा फार खालचे स्वर काढू शकत नाही. तरी ते पाठवले तर त्याचा पातळ पडदा व्यर्थ दूरवर हलून फाटतो. पखवाजाच्या धुमेचा माइक कर्ण्यावर न देता शंकूच्या मोठ्या स्पीकरवर द्यावा.

माइक आणि कर्णा समोरासमोर आले की शिट्टी वाजते. ही शिट्टी केवळ कर्णकटू नाही. तो अखंड एकच स्वर असल्याने वेटोळ्याला विसावा मिळत नाही. कर्णे नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. नको असलेले माइक बंद ठेवावेत, कारण उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीची सीमा सुमारे ३ डेसिबलने जवळ येते.

संच सुरू करताना प्रथम मिक्सर व इतर उपकरणे आणि शेवटी यंत्र. बंद करताना प्रथम यंत्र आणि मग इतर. असे केल्याने कर्ण्यांना ‘धप्’ असा धक्का बसत नाही. माइकची वायर काढताघालताना त्याचे बटण शून्यावर आणावे. पालखीच्या मिरवणुकीत यंत्र बॅटरीवर चालत असेल, तर बॅटरी उतरत जाईल तशी यंत्राची कमानही खाली येते, हे विसरू नये. प्रारंभी स्वच्छ वाटणारा आवाज तासाभराने त्याच बटणावर फाटू लागतो. तेव्हा बटण वाढवावयाचे नसून कमी करावयाचे असते.

७. जिवाची काळजी

कर्णा नवा आणता येतो, मनुष्य नाही. देवालयात अभिषेकाचे पाणी, ओली फरशी आणि ओले हात असतात आणि माइकची धातूची दांडी त्याच हातात असते. म्हणून यंत्राची अर्थिंग पक्की असावी. घूंऽऽ असा आवाज येतो म्हणून तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन काढून टाकणे हा जिवाशी खेळ आहे. ज्या बोर्डावरून संच चालतो त्यावर ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे साधन परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे आणि त्याचे चाचणीचे बटण दर महिन्यास दाबून पाहावे.

१०० व्होल्टच्या स्क्रूंना यंत्र चालू असताना हात लावू नये. कर्ण्याच्या दोन तारा एकमेकींना टेकू देऊ नयेत. जोड उघडे ठेवू नयेत. वायर लोकांच्या पायांखालून न नेता वरून न्यावी. फ्यूज गेल्यास तितक्याच अँपिअरचा घालावा; जाड तार गुंडाळल्याने फ्यूज जात नाही, पण आग लागते. यंत्राचे झाकण घरी उघडू नये, कारण वीज तोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही काळ दाब साठून राहतो. यंत्रावर हार, वस्त्र किंवा तीर्थाचे भांडे ठेवू नये. त्याच्या जाळीतून हवा खेळती राहील अशी जागा चारी बाजूंनी सोडावी.

८. आवाजाचा विवेक

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियमांप्रमाणे ध्वनिवर्धक लावण्यास लेखी परवानगी लागते, आणि उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो लावता येत नाही. सांस्कृतिक अथवा धार्मिक उत्सवासाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी देवळाशेजारी आजारी माणसे, तान्ही मुले आणि परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी राहतात. शिवाय ८५ डेसिबलहून मोठा आवाज तासन्‌तास कानी पडल्यास श्रवणशक्ती कायमची उणावते. म्हणून लहान मुलांना कर्ण्यासमोर बसू देऊ नये.

येथे एक समाधानाची गोष्ट आहे. जे कर्ण्यास हितकर, तेच श्रोत्यांस व शेजाऱ्यांस हितकर. कर्णे जवळ व योग्य दिशेने, माइक तोंडाशी योग्य अंतरावर, आणि बटण मर्यादेच्या आत असले की आवाज लहान असूनही शब्दन्‌शब्द कळतो.

संच चालवणाऱ्याने या पाच गोष्टी एका पुठ्ठ्यावर लिहून यंत्राजवळ लावाव्यात:

(१) तांबडा दिवा वारंवार लागल्यास व्हॉल्यूम तत्काळ कमी करावा.
(२) आवाज फाटल्यास आधी माइकचे बटण पाहावे, मग मुख्य बटण.
(३) सुरू करताना यंत्र शेवटी. बंद करताना यंत्र आधी.
(४) कर्ण्यांचा एकूण भार यंत्राच्या चार-पंचमांशापेक्षा जास्त नसावा आणि ओहम ठरलेल्यापेक्षा कमी नसावेत.
(५) ओल्या हाताने कशासही स्पर्श करू नये. अर्थिंगशिवाय संच सुरू करू नये.

शक्य असल्यास दोघा सभासदांनीच हे काम नेमून घ्यावे आणि उत्सवात बटणांना इतर कोणी हात लावू नये, असा नियम करावा. मागून कोणी ‘आवाज वाढवा’ असे सांगितले, तर बटणाकडे हात नेण्यापूर्वी त्या ठिकाणी स्वतः जाऊन ऐकावे. तेथे आवाज कमी पडतो आहे की शब्द कळत नाहीत, हे आधी ठरवावे. आवाज कमी पडत असेल तर त्या बाजूचा कर्णा जवळ आणावा किंवा वळवावा. शब्द कळत नसतील, तर बहुधा बटण कमी करणे हाच उपाय ठरतो.